टेबलाखालच्या यूपीएसला कारणे दाखवा नोटीस

प्रति,
श्री. यूपीएस,
टेबलाखाली, भिंतीकडचा कोपरा,
आमचे कार्यालय, वाशी, नवी मुंबई

विषय : लाइट गेल्यावर जेमतेम तीन मिनिटे टिकल्याबद्दल

महोदय,

ऐन वीस तारखेला, जीएसटीचे ३बी भरायची झुंबड उडालेली असताना लाइट गेली आणि आपण चार वेळा ‘टूंऽ’ करून मान टाकलीत. टॅली उघडे होते. डेटा करप्ट झाला आणि सगळी संध्याकाळ तो रीराइट करण्यात गेली. आपण वाजवून इशारा दिला होता, ही सबब चालणार नाही. इशारा झाल्यावर एंट्री पुरी करायची, आणखी एक करायची आणि मग चहा मागवायचा, ही या कार्यालयाची पद्धत आपणास ठाऊक असायला हवी होती.

आपल्या खोक्यावर ६०० व्हीए असे ठसठशीत छापले आहे. प्रत्यक्षात ३६० वॅट ओलांडले की आपण हात वर करता. व्हीए वेगळे आणि वॅट वेगळे, हे आम्हाला विकताना कोणी सांगितले नाही, आणि आम्ही विचारावे असा आमचा स्वभाव नाही. लेझर प्रिंटर शाई कागदावर भाजून बसवताना एकटाच याच्या दुप्पट ओढतो म्हणे. तो आपल्यावर जोडला तेव्हा आपण सलग किंचाळलात. क्लायंटसमोर हे शोभले का? शेवटी शिपायाने आपल्या बझरच्या भोकावर चिकटपट्टी लावली, तेव्हा कुठे शांतता लाभली.

आता बॅटरीचे. आपल्या पोटातली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते, असे मेकॅनिक म्हणतो. आम्ही पाच वर्षांत तिला काडीचा त्रास दिला नाही, बदललीसुद्धा नाही. उष्म्याने ती लवकर मरते, दर दहा अंशांमागे आयुष्य साधारण निम्मे होते, हेही त्यानेच सांगितले. पण एसी साहेबांच्या केबिनला आहे. आपली जागा फायलींच्या खोक्यांमागे, जिथे पावसाळ्यात ओल्या छत्र्याही ठेवतात. मेकॅनिकने झाकण उघडले तेव्हा बॅटरी दोन्ही बाजूंनी अशी फुगली होती की बाहेर निघेना. स्क्रू ड्रायव्हर घालून ओढावी लागली. एका टर्मिनलवर पांढरट भुकटी जमली होती. इतके दिवस आपण हे लपवलेत, याची नोंद घेण्यात आली आहे.

आपले श्रीमंत भाऊबंद इथून हाकेच्या अंतरावर, ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांत राहतात. बॅटऱ्यांच्या खोल्याच्या खोल्या, थंडगार हवा, दिमतीला माणसे. तरी त्यांचे काम काय, तर डिझेल जनरेटर सुरू होऊन लोड उचलेपर्यंतची काही मिनिटे तग धरायचा. त्यांना कोणी तासभर चालवून दाखवा म्हणत नाही. आपणाकडून मात्र आमची तीच अपेक्षा आहे, तीही जनरेटरशिवाय.

१२ ऑक्टोबर २०२० आठवतो? सोमवार, सकाळी दहाचा सुमार. कळवा-पडघे पट्ट्यातल्या ४०० केव्ही लाइन ट्रिप झाल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी उभ्या. संकटात मुंबईला बाकीच्या ग्रिडपासून अलग करून वाचवणारी आयलँडिंगची व्यवस्था १९८१पासून होती. तीही त्या दिवशी टिकली नाही. त्यामानाने आपले तीन मिनिटांचे अपयश किरकोळ, हे आम्ही मोठ्या मनाने मान्य करतो.

साहेबांनी घरी आपल्याऐवजी इन्व्हर्टरवर पीसी जोडून पाहिला. पंखा छान चालला. पीसी मात्र दर वेळी बंद होऊन परत सुरू झाला, कारण साध्या मोडवर त्या इन्व्हर्टरला मेनवरून बॅटरीवर यायला क्षणभर लागतो आणि पीसीला तेवढेही खपत नाही. म्हणून तूर्त आपणास सेवेत ठेवले आहे.

तरी आपले काम संगणक चालू ठेवण्याचे नसून तो नीट बंद करायला वेळ देण्याचे आहे, असा बचाव आपण करणार असाल तर तो लेखी करावा. वर उल्लेखिलेल्या तीन मिनिटांत खुलासा यावा.

कळावे,
व्यवस्थापन

ता. क. : जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता बॅटऱ्या गोळा करणाऱ्या किंवा रिसायकल करणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यावी, असा २०२२चा नियम आहे म्हणतात. ती सध्या जिन्याखाली आहे. नव्या बॅटरीसाठी तीन ठिकाणची कोटेशने मागवली आहेत. दोन आली. तिसरे येईपर्यंत प्रिंटर आपल्यावरच राहील.