दोघांत एक केबिन

मुलांना आजीकडे ठेवून नवरा-बायकोने चार दिवस कुठेतरी जाऊन यावं, ही कल्पना आमच्या घरात प्रथम कोणाला सुचली याबद्दल दोन मतं आहेत. जायचं कुठे, याबद्दल मात्र एकही मत नव्हतं. महाबळेश्वरला गर्दी. केरळात बायकोची मावशी असते, म्हणजे तिच्याकडे उतरणं आलं, आणि तिच्याकडे उतरलं की "पोरांना का नाही आणलं?" या प्रश्नाला पहिल्या चहापासून उत्तर देणं आलं. गोव्यात शनिवार-रविवारी माझं निम्मं ऑफिस भेटतं. समुद्रात आमचं कोणीच राहत नाही, अशा वजाबाकीने आम्ही क्रूझपर्यंत पोचलो.

बायकोने पहिल्याच बैठकीत अट घातली. "आपली मुलं नसतील तर दुसऱ्यांचीही नकोत. हॉटेलात शेजारच्या टेबलावरचं पोर रडायला लागलं की माझा हात आपोआप पर्समध्ये बिस्किटं शोधायला लागतो."

अट रास्त होती. शोधायला बसलो तर जगात खरोखरच फक्त मोठ्या माणसांसाठी जहाजं निघाली. व्हर्जिन व्हॉयेजेसची 'स्कार्लेट लेडी' २०२१पासून फिरते आहे, तिच्यावर अठराच्या आतल्या कोणालाही प्रवेश नाही. व्हायकिंगच्या समुद्रातल्या जहाजांवरही तोच नियम. साउदॅम्प्टनहून सुटणारी पी अँड ओची 'आर्केडिया' त्यातलीच. आणि सागा नावाच्या कंपनीची जहाजं तर मुख्यतः पन्नाशीपुढच्यांसाठी असतात. हे वाचून बायको म्हणाली, "मग थोडं थांबूया का?"

"पन्नाशीनंतर आपली मुलं बोलावलं तरी येणार नाहीत. तेव्हा जहाज कशाला लागेल?"

अडचण एवढीच, की बोरिवलीच्या माणसाने मायामीला किंवा साउदॅम्प्टनला जाऊन जहाज पकडायचं म्हणजे विमानाचं तिकीट आलं, व्हिसा आला. व्हिसाच्या मुलाखतीत 'प्रवासाचं कारण' विचारतात. 'स्वतःच्या मुलांपासून लांब जाणे' हे खरं उत्तर दिल्यावर खिडकीपलीकडचा अधिकारी शिक्का कुठे मारेल, याची खात्री नव्हती. त्यामानाने सिंगापूर सोपं. तिथून रॉयल कॅरिबियनची मोठी जहाजं सुटतात, आणि त्यांवर सोलॅरियम नावाचा काचेच्या छपराचा एक भाग सोळा वर्षांवरच्यांसाठी राखून ठेवलेला असतो. उरलेल्या जहाजभर पोरं. म्हणजे एवढे पैसे भरून, एवढं उडून जाऊन, काचेखाली बसायचं आणि बाहेर पडताना दोन्ही बाजू बघायच्या. बायकोने सिंगापूरवर काट मारली.

उरली मुंबई. कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' २०२१ सालापासून इथून गोवा, कोची, लक्षद्वीप अशी जाते. अकरा डेक, सुमारे १८०० माणसं. हे जहाज १९९० सालचं. फ्रान्समध्ये बांधलेलं, पहिलं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस', ऐन तारुण्यात मायामीहून बहामाच्या फेऱ्या करायचं. म्हणजे माझ्यापेक्षा वयाने लहान, माझ्यापेक्षा जास्त फिरलेलं, आणि मधूनमधून गोदीत उभं करून त्याची डागडुजीही झालेली. माझी कोणी केलेली नाही.

आता तारीख. इथे एक असा पेच आहे की त्यावर शाळांच्या मुख्याध्यापकांनी आणि जहाजांच्या कप्तानांनी एकत्र बसायला हवं. दिवाळी, नाताळ आणि मे महिना, म्हणजे शाळांना सुट्टी असते तेव्हा जहाज पोरांनी भरलेलं असतं. शाळा चालू असते तेव्हा जहाजावर शांतता, पण तेव्हा आपली पोरं घरी शाळेच्या पूर्ण कवायतीत. डबा, क्लास, प्रोजेक्ट, उद्या सकाळी लागणारा आणि आज रात्री दहा वाजता आठवलेला चार्ट पेपर. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "दोन्ही नातवंडं सांभाळीन. त्यांच्या वर्गांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नाही सांभाळणार." जून ते सप्टेंबर तर विषयच नाही. अरबी समुद्र तेव्हा कोणाच्याच रजेचा विचार करत नाही. २०२३च्या जूनमध्ये कॉर्डेलियाने पावसाळ्यासाठी जहाज चेन्नईला नेऊन तिथून श्रीलंकेच्या फेऱ्या सुरू केल्या होत्या. मीही तो मार्ग सुचवून पाहिला. बायको म्हणाली, "जहाज पकडायला रेल्वेने चेन्नईला? वाटेत तुझी सगळी रजा संपेल."

शेवटी सहामाही परीक्षेनंतरचा एक आठवडा सापडला. त्यात शाळेचं काही नव्हतं. नंतर कळलं, त्यात स्नेहसंमेलनाची तालीम होती. आम्ही तो आठवडा तरीही सोडला नाही.

बाबांना सांगितलं. ते मालवणकडचे. त्यांच्या लेखी बोटीने जाणं हा प्रवास असतो, सहल नव्हे. कोकण रेल्वे यायच्या कितीतरी आधी ते भाऊच्या धक्क्यावरून 'कोंकण शक्ती' आणि 'कोंकण सेवक' या बोटींनी गावाला जायचे. सकाळी सुटलेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागायची. वाटेत चटई टाकून डेकवर धरलेली जागा, ट्रंकेवर डोकं, आणि बोट लागलेल्या माणसांची रांग कठड्याला. मोठी बोट मालवणच्या खडकांत शिरू शकत नसे. ती लांब उभी राहायची, किनाऱ्यावरून पडाव यायचा आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या असं सगळं वरून खाली त्यात उतरवायचं.

मी त्यांना लक्षद्वीपच्या सफरीचं माहितीपत्रक वाचून दाखवलं. बेटांभोवती उथळ पाणी आणि प्रवाळ, म्हणून मोठं जहाज बाहेर थांबणार आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी बेटावर नेणार.

"मगे तो पडावच!" बाबा म्हणाले. "त्याचे वेगळे पैसे घेतात?"

दुसरी एक सफर होती, शनिवार-रविवारची. जहाज मुंबईहून निघतं, समुद्रात हिंडतं आणि कुठेही न थांबता मुंबईला परत येतं. हे ऐकून बाबांनी चष्मा काढला. "उतरायचंच नाही? मग चढायचं कशाला?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आयुष्याच्या ज्या टप्प्यावर आम्ही आहोत तिथे कुठेच न उतरणं हाच सगळ्यात मोठा मोह आहे हे वडिलांना कसं सांगणार?

सासूबाईंची काळजी वेगळी होती. त्यांना धीर द्यावा म्हणून मी सांगितलं की समुद्रावरच्या सुरक्षेचा सोलास नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, टायटॅनिक बुडाल्यामुळेच तो १९१४ साली झाला. त्यांनी त्या वाक्यातले दोनच शब्द ऐकले. तेव्हापासून त्या जपाला बसताना माझ्याकडे बघतात.

मग केबिन. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण क्रूझ निवडण्यातली खरी विद्या इथेच आहे. केबिनचे ढोबळ चार वर्ग: बिनखिडकीची आतली, बंद खिडकीची, बाल्कनीची, आणि सुइट. सगळ्यांना वाटतं, वर आणि पुढे जितकं जाल तितकं भारी. भाडंही साधारण उंचीबरोबर चढतं. पण जहाज लाटेवर पुढे-मागे झुलतं ते सी-सॉसारखं. टोकाला बसलेला सगळ्यात जास्त वर-खाली होतो, मधल्याला फारसं कळतही नाही. कडेवर कलंडतं तेव्हाही उंचावरची माणसं जास्त हलतात, खालची कमी. म्हणजे ज्याला बोट लागते त्याने खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यावर केबिन घ्यावी. खालच्या डेकवरचीच बहुधा स्वस्त असते. श्रीमंत माणूस जास्त पैसे मोजून जास्त हलतो, हा निसर्गातला मला माहीत असलेला एकमेव समाजवादी नियम.

बायकोला नियम पटला, पण तिने नकाशा माझ्या हातातून काढून घेतला. ती हिशेबाच्या खात्यात काम करते, बारीक अक्षरातलं आधी वाचते. पूलच्या खालची केबिन नको, पहाटे वरती खुर्च्या ओढतात. थिएटरच्या वरची नको. लिफ्टला लागून नको. आणि दोन केबिनींच्या मधल्या भिंतीत दार असतं त्या जोडकेबिनी तर मुळीच नकोत, कारण त्या कुटुंबं घेतात. अर्ध्या खोलीत आई-बाप, अर्ध्या खोलीत पोरं, आणि मधल्या दारावर रात्री अकराला "आई, तो मला चिडवतोय". नकाशावर अशा केबिनींना छोटीशी खूण असते. बायकोने लाल पेनाने त्या सगळ्या खोडल्या. तिच्या चेहऱ्यावर मी इतकं समाधान मार्चअखेरच्या ताळेबंदानंतरही पाहिलेलं नाही.

"पलंग जोडलेले हवेत की वेगवेगळे?" मी अर्ज वाचत विचारलं. क्रूझवर दोन सिंगल असतात, सांगाल तसे लावून देतात. दोघांनीच निघालेल्या सफरीत हा प्रश्न नुसता औपचारिक असावा, अशी माझी समजूत होती.

"वेगवेगळे," बायको तत्काळ म्हणाली. "कोणाचाही पाय तोंडावर न येता झोपणं कसं असतं, ते मला एकदा बघायचंय."

हे सगळं ठरल्यावर एजंटचा फोन आला. आवाज तरुण, उत्साह दांडगा. "सर, तुमच्यासाठी बेस्ट पॅकेज बसवतो. फक्त मला सांगा, तुम्हाला काय आवडतं? मॅडमना काय आवडतं? शो, कॅसिनो, स्पा, पार्टी, शांतता?"

मी बायकोकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मुलगा भेंडी खात नाही, मुलीला वरंध घाटात उलटी होते आणि ताम्हिणीत होत नाही, दोघांना पूल साडेतीन फुटांच्या वर खोल चालत नाही, हे सगळं आम्ही झोपेतही सांगू शकलो असतो. आमची प्रत्येक सुट्टी त्यावरच बेतलेली होती. मला पिझ्झ्याच्या कडा आवडतात अशी आमच्या घरात सार्वत्रिक समजूत आहे. त्या मला आवडत नाहीत. मुलं त्या सोडतात, एवढंच.

"तुम्हाला उद्या कळवतो," मी एजंटला म्हटलं. त्याला वाटलं असेल मी भावात घासाघीस करतोय.

त्या रात्री मुलं झोपल्यावर आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. स्वतःची आवड लिहिणं काही जमेना. मी 'वाचन' लिहिलं, तर बायकोने विचारलं, शेवटचं कोणतं पुस्तक पूर्ण वाचलंस? ते चौथीचं 'परिसर अभ्यास' होतं. तिने 'नृत्य' लिहिलं आणि स्वतःच खोडलं, कारण तिचा शेवटचा नाच शाळेच्या पालक दिनाला, टाळ्या वाजवत, मधमाशीच्या पोशाखात झालेला होता. मग आम्ही एकमेकांची आवड लिहायची ठरवली. तिने माझ्याबद्दल लिहिलं: 'खिडकी. चहा. कोणी काही विचारू नये.' ते इतकं अचूक होतं की मला क्षणभर गहिवरून आलं. मी तिच्याबद्दल ठसठशीत अक्षरात 'मासे' लिहिलं. तिने कागद परत केला. "ते तुझ्या आईला आवडतात. मी करते म्हणून खाते."

"मग तुला काय आवडतं?"

तिने बराच विचार केला. "गरम जेवण," ती म्हणाली. "म्हणजे पदार्थ कुठलाही. वाढल्यावर लगेच बसून खाल्लेलं."

कॅसिनो, पार्टी आणि जादूचे प्रयोग अशा रीतीने आपोआप गळाले. राहिलं ते गरम जेवण, झोप, चहा आणि एक खिडकी. खिडकीसाठी आतली केबिन रद्द करून बंद खिडकीची घ्यायची ठरली. बायकोने फरकाची रक्कम मांडली आणि वाय-फायचं पॅकेज काढून ती भरून काढली. किनारा दूर गेला की फोनची रेंज जाते, हे तिने सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी एजंटला फोन लावला, स्पीकरवर. मुंबई-गोवा-मुंबई, खालचा डेक, मधोमध, खिडकी, पलंग वेगळे, जोडदार नको. तो पटापट टिपून घेत होता. मग रक्कम सांगितली. प्रतिव्यक्ती, दोघांत एक केबिन. वर पोर्ट चार्जेस. वर टिप. वर जीएसटी. प्रत्येक 'वर'ला बायकोचं पेन एक रेघ ओढत होतं. मूळ भाडं हा आता त्या कागदावरचा एक किरकोळ आकडा वाटायला लागला होता.

"करू का कन्फर्म, सर?"

"करा," मी म्हटलं.

"एक मिनिट सर, एक फार मस्त गोष्ट आहे. तुम्ही घेतलेल्या केबिनला वरून दोन बर्थ निघतात. आणि या आठवड्यात ऑफर चालू आहे, तिसरा आणि चौथा प्रवासी मोफत. तुम्हाला मुलं आहेत ना दोन? त्यांचीही नावं टाकू का? एक रुपयासुद्धा जास्त लागणार नाही."

हॉलमध्ये शांतता पसरली. आतल्या खोलीतून रिमोटवरून चाललेली मारामारी ऐकू येत होती. मी मान हलवून 'नको' म्हणायला तोंड उघडलंच होतं, एवढ्यात बायको फोनच्या जवळ वाकली.

"मोफत म्हणजे पोर्ट चार्जेस धरून, की वगळून?"