रंगीत कोळी ओळखण्याची पद्धत

तारकर्लीत पडवीच्या खांबावर, सुरूच्या खोडावर किंवा वाळत घातलेल्या टॉवेलवर दिसणारा चिमुकला, निळा-तांबडा, चकाकणारा कोळी बहुधा उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या सॉल्टिसिडी कुळातला असतो. सहा हजारांहून अधिक जातींचे हे कोळ्यांमधले सर्वांत मोठे कुळ. भक्ष्य धरायला हे कोळी सहसा जाळे विणत नाहीत; पायांतल्या द्रवाचा दाब वाढवून झेप घेतात, आणि झेपेआधी मागे एक धागा चिकटवून ठेवतात. कुळ ओळखणे सोपे आहे. आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन फार मोठे असतात आणि कोळी त्यांनी निरीक्षकाकडे वळून पाहतो.

निरीक्षकाची लक्षणे : वय पन्नाशीपुढे, समुद्राकडे पाठ, बसणे उकिडवे, हातात मोबाईल. प्रस्तुत लेखक याच जातीचा नमुना होय. कोळी दिसताच त्याच्या मनात पहिला विचार येतो तो ही नवी जात असल्याचा. दुसरा, तिला द्यायच्या नावाचा.

प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता स्वतःचे नाव देण्यास मनाई करत नाही, पण तसे करणे असभ्य समजले जाते. सभ्य मार्ग असा की नमुना दुसऱ्याच्या हवाली करावा, आपले नाव सुवाच्य अक्षरांत कळवावे आणि मग ‘छे छे, माझे कशाला’ म्हणण्याची तयारी ठेवावी. पुरुषाच्या नावाला शेवटी ‘ई’ लागते. ‘कर’ने संपणारी आडनावे त्यामुळे पहारेकरी-गावकऱ्यांत जमा होतात, तेवढी मानहानी लेखकाने सोसायचे ठरवले होते.

मात्र २०२१ साली मुंबई परिसरातल्या एका नव्या कोळ्याचे नाव प्रसिद्ध झाले : इसियस तुकारामी. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ साहाय्यक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी दहशतवादी कसाबची बंदूक धरली आणि गोळ्या लागत असतानाही सोडली नाही. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्यांनी कोळी शोधला नव्हता. नावही मागितले नव्हते.

जात ठरवताना रंगाचा भरवसा धरता येत नाही. नर, मादी आणि पिल्लू यांचे रंग निराळे असू शकतात, आणि मद्यार्कात ठेवलेला नमुना फिका पडतो. ज्या रंगापायी निरीक्षकाचे गुडघे दुखले, तोच आधी जातो. अभ्यासक सूक्ष्मदर्शकाखाली प्रौढ नराचे तोंडाजवळचे स्पर्शपाद आणि मादीच्या पोटाखालचे जननांग तपासतो. मोबाईलच्या फोटोत यांतले काहीच येत नाही. पार्श्वभूमीचा टॉवेल तेवढा स्पष्ट येतो. शिवाय निळ्या-तांबड्या रंगाला भारतात जुने दावेदार आहेत : क्रिसिला व्होल्युपे १८७९पासून आणि सायलर सेमिग्लॉकस १९०१पासून शास्त्राला ठाऊक आहेत.

स्थानिक पद्धत याहून जलद आहे. यजमानीणबाई जाता जाता एकदा पाहतात आणि ‘ऱ्हवांदे तेका, डास तरी खाता’ म्हणून सोलकढी करायला आत जातात. आहाराची ही नोंद बरोबर आहे.

कोळी उडून गेल्यास तारीख, ठिकाण आणि तो कशावर बसला होता, एवढे लिहून ठेवावे. निरीक्षकाच्या नावाचाही रकाना असतो. तो अरुंद असतो.