कोनाडा आणि भिंत

मोबाइल उघडला की कुणीतरी सांगतच असतं: तुमची ‘नीश’ पकडा, ग्राहक आपोआप येतील. त्यातूनच नवमातांची कोच, चाळिशीतल्या पुरुषांचा फिटनेस कोच, पैशाविषयीच्या मानसिकतेचा कोच अशा पाट्या लागतात. कोचिंगच्या धंद्यात उतरणाऱ्याला पहिल्याच दिवशी मिळणारा हा धडा अर्धा आहे, आणि अर्ध्या धड्याची फी पूर्ण घेतली जाते याचा मला राग येतो.

नीश म्हणजे मुळात कोनाडा. वाड्यात राहिलेल्यांना ठाऊक आहे, कोनाडा असायचा तो हातभर जाडीच्या भिंतीत. चार इंची भिंतीत तो कोरायला गेलात तर आरपार भोक पडतं. आधी भिंत हवी.

भिंत कशी असते ते डेन्मार्कच्या थॉमस ग्रोनेमार्ककडे पाहून कळतं. फुटबॉलमध्ये चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की तो हातांनी आत फेकतात. हा माणूस फक्त त्या थ्रो-इनचा कोच. २०१८मध्ये लिव्हरपूल क्लबचा तेव्हाचा प्रशिक्षक युर्गन क्लॉपनं त्याला बोलावलं, तेव्हा असा कोच असतो हे क्लॉपलाही नवीन होतं. त्याआधीच्या मोसमात दडपणाखाली केलेल्या थ्रो-इननंतर चेंडू आपल्याकडे राखण्यात लिव्हरपूल प्रीमियर लीगमध्ये १८व्या क्रमांकावर होतं, प्रमाण ४५.४ टक्के. पुढच्या मोसमात ते ६८.४ टक्क्यांवर गेलं आणि क्रमांक पहिला आला. यापेक्षा चिंचोळा कोनाडा मला तरी माहीत नाही. पण ग्रोनेमार्क हे काम २००४पासून करत होता. सर्वांत लांब थ्रो-इनचा ५१.३३ मीटरचा विश्वविक्रम त्यानं २०१०मध्ये स्वतःच्या हातांनी केला होता. मोठ्या क्लबचा फोन आला तो चौदा वर्षांनी.

आपल्याकडचं उदाहरणही तितकंच पक्कं आहे. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये महिलांच्या याच प्रकारात उतरल्या होत्या. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून नेम धरताना शरीराचं काय होतं, हे त्यांना पाठ्यपुस्तकातून शिकावं लागलं नाही.

तेव्हा कोचनं एका विषयात मुरावं का? मुरावंच. सगळ्यांना सगळं शिकवणाऱ्याची अवस्था एक ना धड, भाराभर चिंध्या अशी होते. पण विषय बाजार बघून निवडायचा नसतो. आपण आधीच कशात मुरलो आहोत ते ओळखायचं असतं.

ओळखीच्या एका बाईंनी चाकणच्या कारखान्यात चौदा वर्षं मनुष्यबळ विभागात काम केलं. आता त्यांना कोच व्हायचंय, आणि कुठल्याशा शिबिरात त्यांना ‘वेलनेस’ घ्या, खपतं असं सांगण्यात आलं. मी त्यांना विचारलं, कारखान्यात लोक तुमच्याकडे कशासाठी यायचे? त्या म्हणाल्या, नवे सुपरवायझर यायचे. काल ज्यांच्या खांद्याला खांदा लावून मशिनवर उभे होते, त्यांनाच आज हुकूम द्यायचा. दोस्त ऐकेनात आणि वरचे साहेब थांबेनात. बाई अर्धा तास बोलल्या आणि मला उठवेना. ही त्यांची भिंत, चौदा वर्षं जाडीची. वेलनेसमध्ये त्यांच्याकडे सांगण्यासारखं काय आहे?

सुरुवातीला भाडं भरायचं असतं, येईल तो ग्राहक घ्यावा लागतो, हेही खरं. घ्यावा. पण कोणाचं काम आपल्या हातून खरंच होतंय, याची वही ठेवावी. दोन वर्षांत विषय त्या वहीत दिसू लागतो.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मी हट्टानं उलट बाजूला आहे. आठ वर्षांच्या पोराला ‘फक्त वेगवान गोलंदाजी’च्या बॅचमध्ये घालणाऱ्या अकादमीनं पालकांच्या घाईवर दुकान मांडलेलं असतं. अजित आगरकर शालेय क्रिकेटमध्ये फलंदाज म्हणून नावाजला होता, देशासाठी खेळला तो गोलंदाज म्हणून. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांनी पोरांना सामन्यांमागून सामने खेळायला लावले. कोण काय होणार, हे मैदानानं सांगितलं.

आणि खास विषय घेणाऱ्याची खरी परीक्षा दुसरीकडेच होते. १९८७मध्ये चेन्नईला एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झालं, विषय एकच: वेगवान गोलंदाजी. वांद्र्याचा एक चौदा वर्षांचा मुलगा तिथं गोलंदाज व्हायला गेला. तिथले प्रशिक्षक डेनिस लिली यांनी त्याला सांगितलं, तू बॅटिंगकडे लक्ष दे. तो सचिन तेंडुलकर. पुढे श्रीरामपूरचा डावखुरा झहीर खान त्याच संस्थेत आला, आणि त्याला तिथं घडवलं गेलं. एकाला परत पाठवलं, एकाला ठेवून घेतलं. दोन्ही निर्णय एकाच जाणकारीतून आले. आपला कोनाडा कुठं संपतो हे लिलींना ठाऊक होतं.

आपल्याकडे लाइफ कोचची पाटी लावायला परवाना लागत नाही. म्हणून तर ही मर्यादा कोचनं स्वतः सांभाळायला हवी. समोरचा माणूस नैराश्यानं खचलेला असेल, त्याची झोप उडाली असेल, जगणं नकोसं झालं असेल, तर तो मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवा, त्याच दिवशी. त्याला बारा सत्रांचं पॅकेज विकणं हा गुन्हाच आहे, मग कायद्याच्या पुस्तकात त्याचं कलम असो वा नसो.

कोणत्याही कोचला पैसे देण्याआधी त्याला एवढंच विचारा: गेल्या वर्षात तुम्ही कुणाला परत पाठवलंत, आणि कुठं पाठवलंत? उत्तर आलं नाही, तर फी भरू नका.