आमच्या घरी होतं!

अप्पांची ओळख करून द्यायची गरज नाही. तुमच्याही सहलीच्या गाडीत एक अप्पा पुढची सीट धरून बसलेले असतातच. आमचे उमरखेडचे, इतकाच फरक.

पुण्यात बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आमची फौज शिरली आणि पहिल्याच समईसमोर अप्पा थबकले. "आमच्या घरी होती."

पितळी वज्री? "होती. आजी त्यानंच टाचा घासायची." नाना आकारांचे अडकित्ते? "होता. सुपारी कमी, बोटंच जास्त कापायचा." सारंगी? "आजोबांचे एक मित्र वाजवायचे," म्हणजे घरी होतीच की. कोरीव दरवाजासमोर तर डोळे मिटून म्हणाले, "सेम. फक्त नक्षी नव्हती."

मस्तानी महालापाशी सगळे महाल सोडून अप्पांकडेच पाहू लागले. कोथरूडहून उचलून इथं मांडलेला आख्खा महाल! अप्पांनी दीर्घ श्वास घेतला. "महाल नव्हता बाप्पा. हंडी होती, छताला."

दिनकर केळकरांचं चष्म्याचं दुकान होतं. 'अज्ञातवासी' नावानं कविताही करत. पत्नी कमलाबाईंच्या साथीनं गावोगाव फिरून त्यांनी वीस हजारांवर वस्तू जमवल्या, बालवयात गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं आणि 1975 साली सगळं सरकारच्या हवाली केलं. हे ऐकून आमच्यातल्या एका आगाऊ पोरीनं विचारलं, "अप्पा, मग तुमच्या घरचं कुठं गेलं?"

"पाण्याचे पितळी गुंड देऊन स्टीलचे डबे घेतले. गंगाळ मोडीत. अडकित्ता वाटणीत गेला."

"अन् दरवाजा?"

"सागवान होतं ना. स्लॅब टाकताना सेंट्रिंगला लावला."

वैताग आणतो हा माणूस. तरी कबूल करावं लागतं, काचेखालच्या चिठ्ठीवर वस्तूचं नाव असतं, तिच्यावरून कोणाची कोणाशी भांडणं झाली ते नसतं. कुठल्याशा शाळेची पोरं आपल्या बाईंना सोडून अप्पांच्या मागं लागली होती, आणि अप्पा उकिडवे बसून गंगाळातून अंघोळ करून दाखवत होते.

परतीच्या वाटेवरही अप्पांचं चालूच होतं. तेव्हा दिवसभर एक अक्षर न बोललेल्या काकू खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "गुंड माझ्या आंदणातले होते. विकताना मले कोणी विचारलं नाही."