एकास बहात्तर

तुमच्याही सोसायटीत एक अण्णा असणारच. बाजारात जे तयार मिळतं ते घरी बनवायला बसणारे. कुणाचं दिवाळीच्या कंदिलावर भागतं, आमच्या अण्णांचं विमान आहे. मारुत. एचएएलने बनवलेलं, 17 जून 1961 ला बंगलोरात पहिल्यांदा उडालेलं लढाऊ जेट. खरं विमान 15.87 मीटर लांब, अण्णांचं 22 सेंटिमीटर. एकास बहात्तर.

किट आणून चिकटवणाऱ्यांना अण्णा 'मॅगीवाले' म्हणतात. ह्यांचं सगळं मुळापासून. बाद एटीएम कार्डांचे पंख, रिफिलींच्या नळ्या, श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाची शेपटी. आमच्याकडचं श्रीखंड संपायच्या आत ते डबा मागायला येतात, आणि येताना रिकामा वाडगा घेऊन येतात, उरलेलं काढून ठेवायला.

एवढ्यावर थांबले असते तर बिघडत नव्हतं. पण हा माणूस सगळ्या जगाला बहात्तरने भागतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये साडेसात फुटांच्या पार्किंगवरून दोन घरं हातघाईवर आली होती. अण्णा उठले. "साडेसात फूट म्हणजे सव्वा इंच. सव्वा इंचावरून भांडता?" दोन्ही घरं भांडण सोडून अण्णांवर धावून गेली. मुलीला स्थळ आलं, तेव्हा बहिणीने फोनवर मुलाची उंची विचारली. अण्णा म्हणाले, "चोवीस मिलिमीटर." पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

गेली 12 वर्षं हे चाललंय. वहिनी एकदा म्हणाल्या, "त्या जर्मन डिझायनर कर्ट टँकने 1956 ला इथे येऊन पाच वर्षांत खरं विमान उडवलं. तुमचं?" इतकी वर्षं ऐकून वहिनींनाही मारुत तोंडपाठ झालंय. अण्णा शांतपणे म्हणाले, "12 वर्षं म्हणजे एकास बहात्तरने दोनच महिने."

चूक झाली की मात्र हिशोब उलटा फिरतो. पंखांचा पसारा साडेबारा सेंटिमीटर हवा, तो एक मिलिमीटर जास्त भरला. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. "एक मिलिमीटर कसला! खऱ्यात जवळजवळ तीन इंच! पायलटला काय तोंड दाखवू?" नवे पंख कापले. चौथ्यांदा. माझं चालू एटीएम कार्ड त्यात गेलं, अशी मला शंका आहे.

एकदा मला पुण्यातल्या कमला नेहरू पार्कात घेऊन गेले. तिथे खरं मारुत ठेवलंय. वहिनींच्या शिवणाच्या पेटीतली टेप घेऊन अण्णा त्याच्या पोटाखाली आडवे, आकडे ओरडतायत, मी रद्दीच्या पावतीवर लिहून घेतोय. वॉचमनने शिट्टी मारली. पाच-सहा पोरं गोळा झाली. एकाने विचारलं, "काका, हे बिघडलंय का?" अण्णा खालूनच म्हणाले, "नाही रे. ह्याला इंजिन मिळालं नाही."

ते खरंच आहे. मारुतचा सांगाडा ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखलेला होता. त्याच्यासाठी ठरलेलं ऑर्फियस 12 पुरं करायचा खर्च ना ब्रिटनने उचलला, ना दिल्लीने. मग हाताशी होतं ते ऑर्फियस 703 बसवलं. ध्वनीच्या वेगापाशी जाता जाताच बिचारं धापा टाकायचं. तरी 71 च्या युद्धात राजस्थानच्या सीमेवर लढलं. सगळी मिळून 147 बनली. अण्णा हे सांगतात तेव्हा भागाकार करत नाहीत.

अण्णा स्वतः 32 वर्षं एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. डिझाइन ह्यांचं, सही दुसऱ्याची. इंजिनिअरिंगला का गेला नाहीत, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा फाडून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "शेपूट घास."

परवा रात्री दहाला फोन. "ये. मारुत बंद करतोय."

घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास. कॉकपिटवरची काच गॅसवर तापवलेल्या बाटलीतून ओढून काढली होती, जेमतेम नखाएवढी. टेबलावर धडाचे दोन भाग उघडे. आत दोन इंजिनं, बारीक तांब्याच्या तारेने गुंडाळलेली, पात्यांसकट. चष्मा कपाळावर चढवून मी वाकलो.

"703?"

"नाही," अण्णा हळूच म्हणाले, वहिनी ऐकतील की काय अशा आवाजात. "12. आफ्टरबर्नरसकट. मागचं तोंड तेवढं 703 चं ठेवलंय, बाहेरून संशय नको."

"पण बंद केल्यावर दिसणार कुणाला?"

अण्णांनी उत्तर दिलं नाही. सांध्यावर काडीने सोल्युशन लावलं, दोन्ही भाग जुळवले आणि माझ्या बोटांत दिले. "दाबून धर. हलू नकोस."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं."

मी मनातल्या मनात बहात्तरने गुणलं. सहा तास. पायाने खुर्ची ओढून बसलो.