दुसरं विमान केवढं घ्यावं?

"काय हो नाना, नातवाचं रिमोटचं विमान परत आंब्यात अडकलं का?"

"अडकलं कुठलं वहिनी, मोडलं! फोमचंच ते, पंखांचा पसारा ऐंशी सेंटिमीटर. दुपारी खाडीवरचा वारा सुटला की कुठल्या कुठे जायचं. आता म्हणतोय, दुसरं दोन मीटरचं घेऊ."

"अगंबाई! म्हणजे आमच्या दिवाणाएवढं. ठेवणार कुठे, देवघरात?"

"तेच तर. मोठं विमान वाऱ्याला सहसा बधत नाही, लांबूनही सुलटं-उलटं कळतं, हे कबूल. पण तसंच विमान दुप्पट केलं की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. ते पेलायला वेग हवा, उतरायला लांब पट्टी हवी. बॅटरी, मोटर, चार्जर, सगळंच वरच्या मापाचं. खिशाचं विचारूच नका."

"आमचे हे सांगत होते, चारकोपला कोणी गच्चीवर खरंखुरं विमान बांधलं म्हणे."

"कॅप्टन अमोल यादव. सहा आसनी! 2016 साली बीकेसीत 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात होतं ते. लिफ्टमधून नक्कीच उतरलं नसणार. पण हळू बोला, पोरगं आत ऐकतंय."

"मग लहानच घ्या की, अडीचशे ग्रॅमच्या आतलं. त्याला म्हणे पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही."

"हौसेला दोन किलोपर्यंत तसंही लागत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. 8 ऑक्टोबर 2025 ला आपल्या नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, 25 डिसेंबरपासून विमानं सुटायला लागली. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच मोकळीक. त्याहून जवळ परवानगीशिवाय काही उडवायचं नाही, मग ते कितीही हलकं असो. आणि आपलं रोडपाली, जिथे तलावाकाठी तो उडवायचा, ते तर आठाच्या आतच."

"म्हणजे तलावाकाठची मजा संपली म्हणा."

(वहिनींना मनातून बरंच वाटलं असावं. मागचं विमान त्यांच्या पापडांवरच उतरलं होतं.)

"संपली. आता निदान आठ किलोमीटरच्या पलीकडे, तेही सरकारी ड्रोन नकाशा बघून. आणि आमच्याकडे वाहन एकच, स्कूटर. म्हणजे माप स्कूटरच ठरवणार! सव्वा मीटरचं, सुट्या पंखांचं घेतलं तर एकेक पंख साठ-बासष्ट सेंटिमीटर. मागे बसून मांडीवर धरता येतो. वजन किलोभर. तीन सेलची 2200 एमएएचची बॅटरी सगळीकडे मिळते."

"आणि चालवायला जमेल त्याला?"

"पहिल्याला ऐलरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, नव्हते, याला असतील. तेवढंच नवं शिकायचं. पंख मात्र धडाच्या वरच हवेत. खालच्या पंखांचं दिसायला झोकदार, पण ते तिसऱ्या खेपेला."

"मग ठरलं तर?"

"ठरलं. सव्वा मीटर, आणि सोबत दोन जादा पंखे. मागवायचं ते दिवाळीनंतरच. पावसाळ्यात घेतलं तर नुसतं खोक्यात पडून राहील."