समुद्र अवघ्या काही मिनिटांवर

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की समुद्र दिसायला लागतो, तो होर्डिंगवर. निळं पाणी, नारळ, झोपाळ्यावर जन्मात बोंबील साफ न केलेली बाई, आणि खाली ठळक अक्षरांत मिनिटं. अटल सेतू इतकी मिनिटं, विमानतळ तितकी, अलिबाग तर त्याहून कमी. किलोमीटर छापायची पद्धत या धंद्यातून गेली, कारण किलोमीटर मोजता येतात. पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं. तेव्हा बालवाडीत असलेली पोरं आता वयाने तरी गृहकर्जाला पात्र व्हायला लागली आहेत.

तर प्रश्न असा की, निवृत्तीचं घर पेणला घ्यावं की रोह्याला?

पेणला समुद्र नाही, खाडी आहे. एजंटच्या भाषेत हिलाच 'सी-टच' म्हणतात, आणि खारेपाटापुरतं ते त्याच्या कल्पनेपेक्षाही खरं आहे. इथली जमीन मातीचे बांध घालून समुद्राकडून मागून घेतलेली. बांध शाबूत तोवर भात. उधाणात बांधाला खांड गेली की खारं पाणी थेट शेतात, आणि जमीन एकदा खारली की पुढची काही वर्षं पिकाचं नाव काढायचं नाही. म्हणजे समुद्रावर फिरायला जायची दगदग नाही, अमावास्या-पौर्णिमेला तोच घरी येतो. मिनिटं शून्य! एवढी सोय असूनही एजंट गिऱ्हाईक नेतो ते जानेवारीत, भात कापून शेत कोरडं ठणठणीत झाल्यावर. उधाणाच्या दिवशी साईट दाखवणारा एजंट भेटला, तर त्याच्याकडून डोळे मिटून घ्यावं.

शिवाय जमीन शेतीची, आणि शेतकरी नसलेल्याला ती घेता येत नाही. यावरही तोड तयार असते. एकराचे गुंठे, गुंठ्यांचे 'फार्महाऊस प्लॉट' आणि सातबाऱ्यावर अकरा अनोळखी माणसं. सामाईक सातबारा म्हणजे काय, हे कोकणातल्या कोणत्याही चुलत्याला विचारा. तिथे एका फणसावरून सख्ख्या भावांची घरं तीन पिढ्या बोलत नाहीत. तुमच्या वाट्याला तर घाटकोपरचा दंतवैद्य आणि नाशिकचे दोन साडू आहेत.

गावात फ्लॅट घेतलात तर निदान शेजार चांगला. पेणमध्ये मोकळ्या जागेवर पहिला हक्क गणपतीचा. पडवी, ओटी, माळा, जिथे सावली तिथे मूर्ती वाळत ठेवलेल्या. तुमचं पार्किंग त्यातून सुटेल या भ्रमात राहू नका.

रोह्याला समुद्र आहे असं म्हणायची एजंटचीही छाती होत नाही, म्हणून तिथे नदी विकतात. कुंडलिकेला समुद्र भेटतो रेवदंड्याला. आपल्याला 'रिव्हर व्ह्यू' पुरे. वर कोलाडला राफ्टिंग चालतं तेही भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर, त्यामुळे लाटांनाही टाटांचं वेळापत्रक आहे. पावसाळ्यात मात्र नदी कोणाला विचारत नाही. धाटावच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत. वारा फिरला की 'निसर्गाच्या कुशीत' या शब्दांचा खुलासा होतो; ब्रोशरला वास नसतो. पण रोह्याची एक बाजू भक्कम आहे. कोकण रेल्वे सुरूच होते रोह्यापासून. 'आमचं घर कोकणात आहे' हे रोहेकर रेल्वेच्या दाखल्यानिशी सांगू शकतो, पेणकराला नुसतं तोंडी सांगावं लागतं.

पैशाच्या बाबतीतही दोन्ही गावांनी कामं वाटून घेतलेली दिसतात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं घर रोह्याचं. त्याच रिझर्व्ह बँकेने 2010 साली जिच्यावर निर्बंध घातले ती अर्बन बँक पेणची. बुकिंगची रक्कम भरताना पेणकराचा हात का थरथरतो, हे बाहेरच्याला कळायचं नाही.

आता तर उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या 124 गावांवर एमएमआरडीए 'तिसरी मुंबई' वसवणार आहे. मुंबईला कंटाळून पेण गाठणाऱ्याला मुंबई घरपोच. यापूर्वी इथे महामुंबई सेझ येणार होतं. सप्टेंबर 2008 मध्ये सरकारने पेणच्या 22 गावांत चक्क मतपेट्या ठेवून शेतकऱ्यांचं मत घेतलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमची जमीन हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात आहे, आम्हाला सेझ नको, पाणी द्या. सेझ बारगळलं. धरण आहे तिथेच आहे, पेण तालुक्यात. त्याचं पाणी सिडकोच्या वसाहतींना जातं आणि खारेपाटात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात.

म्हणून साईटवर गेल्यावर क्लब हाऊस राहू दे, पाण्याचं आधी विचारा. आमच्या एका स्नेह्यांनी विचारलं होतं. एजंटने कपाळावर आठीही न आणता सांगितलं, "पाण्याची काय काळजी करता शेठ? जुलैत या, दारात असतंय."